कुलूप नेमकं कुणासाठी लावतोय आपण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे दिवस आलेत, तुमच्या पेपरात हॉस्टेल आणि पेइंग गेस्टच्या जाहिराती रोज दिसायला लागल्यात आणि प्रत्येक जाहिरातीत तेच ते, २४ तास सिक्युरिटी, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, कडक शिस्त. मी १४ वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते, आता रिटायर आहे, पण ओळखीपाळखीतले आईवडील अजून फोन करतात, मॅडम अमुक ठिकाणी खोली बघितलीय, सेफ असेल ना, जरा सांगा. त्यांचे प्रश्न ऐकून ऐकून मनात जे साठलंय ते एकदा लिहून काढावं म्हणून हे पत्र. लांब झालंय, जागा कमी पडली तर कुठूनही कापा, पण मागच्या जिन्याबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

सगळे विचारतात ते बाहेरून कोण आत येऊ शकतं याबद्दल. वॉचमन आहे का, रात्री गेट बंद होतं का, खिडकीला ग्रिल आहे का, कॅमेरे किती. इतक्या वर्षांत मला एकाही पालकाने विचारलं नाही की मॅडम, रात्री काही झालं तर माझी मुलगी बाहेर कशी पडेल. सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चोर येतो आणि कुलूप येतं, बस्स. आग, धूर, गॅस, करंट, तापाने फणफणून एकटीच पडलेली पोरगी, हे सगळं पण त्याच शब्दात बसतं हे लक्षातच येत नाही, आणि गंमत नाही हो, एकासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्या वेळी जिवावर उठतो. मला हे शहाणपण आधीपासून नव्हतं, ते कसं आलं तेच सांगते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन लॅपटॉप आणि एक मोबाइल चोरीला गेला. मागच्या जिन्याने कुणीतरी वर आलं असणार असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं, पालक चिडले, कमिटीने मला विचारलं तुम्ही काय करणार, आणि मी दुसऱ्याच दिवशी मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला भलंमोठं कुलूप घालायला लावलं. रजिस्टरमध्ये सही माझीच आहे. चोऱ्या थांबल्या, सगळे खूश, मला शाबासकीसुद्धा मिळाली.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी रात्री अडीचच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावर धूर झाला. एका मुलीने एक्स्टेन्शन बोर्ड गादी आणि भिंतीच्या फटीत सरकवून ठेवला होता, त्यावर बरंच काय काय लावलेलं, तो तापून तापून गादीचा कोपरा धुमसायला लागला. ज्वाळा म्हणाल तर फार नव्हत्याच. पण फोमच्या गादीचा धूर काय असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही, काळा, दाट, घशात कुणी फडकं कोंबावं तसा. पुढचा जिना नेमका त्याच खोलीला लागून, त्यामुळे धूर सगळा तिकडेच भरलेला, मग मुली साहजिकच मागच्या जिन्याकडे पळाल्या. आणि तिथे माझं कुलूप.

चावी वॉचमनकाकांकडे, काका पुढच्या गेटवर, जुडग्यात पंचवीस-तीस चाव्या आणि एकीलाही खूण नाही. आम्ही दोघं धावत मागच्या बाजूने वर गेलो तेव्हा जाळीतून नुसते हात बाहेर आलेले दिसत होते. एक मुलगी न थांबता एकसारखं 'मॅडम चावी, मॅडम चावी' एवढंच म्हणत होती, ओरडत नव्हती, नेहमीच्या आवाजात म्हणत होती, तेच जास्त भयंकर वाटत होतं. काका एकेक चावी घालून बघत होते, हात थरथरत होते त्यांचे, मी टॉर्च धरलेला पण उजेड काही केल्या कुलपावर ठरेना. अकरावी की बारावी चावी लागली. तीन-चार मिनिटं गेली असतील फार तर. दोघींना धुराचा त्रास झाला, दवाखान्यात न्यावं लागलं, दुपारपर्यंत त्या परत आल्या, बाकी कुणाला काही झालं नाही. ते जाळीतले हात मात्र मला आजही दिसतात.

नंतर आम्हाला आगीचं ट्रेनिंग द्यायला जे अधिकारी आले त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरूच शकत नाही. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली होती, वरच्या मजल्यांवर. कामगार, बहुतेक तरुण मुली, जिन्याकडे धावल्या तर दार कुलूपबंद, कारण मालकांना भीती की कामगार माल लपवून नेतील, म्हणून एकाच दाराने पिशव्या तपासून सोडायचे. अग्निशमनवाल्यांच्या शिड्या तेवढ्या उंच पोचेनात. १४६ माणसं गेली. चोरी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप! मी ते ऐकताना खाली मान घालून बसले होते, कारण माझ्या रजिस्टरमध्ये कारण म्हणून तेच तर लिहिलं होतं, 'चोरी रोखण्यासाठी'.

त्यांनीच मग उपाय पण सांगितला आणि तो काही अवघड नव्हता. बाहेरून चावीशिवाय उघडणार नाही पण आतून नुसता खटका फिरवला किंवा आडवी दांडी दाबली की उघडेल असं दार बसवायचं, आणि उघडलं की मोठ्याने घंटा वाजेल अशी सोय करायची. म्हणजे चोर येऊ शकत नाही, मुलगी बाहेर पडू शकते, आणि कुणी उगाच उघडलं तर सगळ्यांना कळतं. दोन्ही गोष्टी एकाच दाराने साधल्या. आधी हे डोक्यात का आलं नाही याचं उत्तर एवढंच की मी चोराचाच विचार करत होते. खिडक्यांच्या ग्रिलचंही तसंच, प्रत्येक मजल्यावर निदान एक तरी ग्रिल आतून उघडणारं असावं आणि त्याची चावी तिथेच, हाताशी पण बाहेरून हात घालून मिळणार नाही अशी टांगलेली असावी. ऑफिसच्या ड्रॉवरमधली चावी रात्री कुणाच्याच कामाची नाही.

म्हणून मी आता फोन करणाऱ्याला सांगते, खोली बघायला जाल तेव्हा खोली नंतर बघा, आधी खोलीच्या दारापासून रस्त्यापर्यंत स्वतः चालत जा, दोन्ही वाटांनी. दुसरी वाट नसेल तर का नाही ते विचारा. असेल तर तिथे काय ठेवलंय ते बघा, कारण कुलूप नसलं तर मोडक्या खाटा, सायकली, रद्दी असतेच, मागचा जिना म्हणजे अडगळीची खोलीच समजतात लोक. चालताना दारं मोजायची. धुरात काही दिसत नाही, हात भिंतीला लावून जमिनीलगत सरकत जावं लागतं आणि तेव्हा 'आपलं दार सोडून चौथं दार, मग जिना' एवढंच उपयोगाला येतं. मुलांना हे सांगितलं की ती हसतात, हसू देत, पण एकदा चालायला लावाच.

धुराबद्दल अजून थोडं. आपल्याला वाटतं वास आला की जाग येईल. नाही येत. झोपेत वासाने माणूस जागा होईल याचा काही भरवसा नसतो, उलट धुरातला विषारी वायू गुंगी आणतो. म्हणूनच छतावर धुराचा अलार्म लागतो, तो आवाज करतो आणि आवाजाने जाग येते. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघायचं, मध्येमध्ये उगाच टिक टिक करायला लागला तर बॅटरी संपत आलीय, आणि दहा वर्षांनी तो आख्खा बदलायचा असतो. पण माझा अनुभव असा की पोरं तो काढून ठेवतात नाहीतर त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, कारण खोलीत लपूनछपून काहीतरी शिजवतात आणि तो बोंबलतो. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही हो, मी ओरडून बघितलंय. स्वयंपाकाची नीट जागा द्या, रात्री उघडी ठेवा, म्हणजे खोलीत शिजवायची वेळच येणार नाही.

आणि खोटा अलार्म. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात जानेवारी २००० मध्ये पहाटे आग लागली, तीन विद्यार्थी गेले, ५० हून जास्त जखमी झाले. तिथे अलार्म वाजला होता! पण त्याआधी खोटे अलार्म इतक्यांदा वाजले होते की बऱ्याच मुलांनी हाही तसलाच असेल म्हणून पांघरूण ओढून घेतलं. इमारतीत पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते, नंतर त्या राज्याने विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना ते सक्तीचे केले. त्यामुळे जो मुलगा मजा म्हणून अलार्म वाजवतो तो काय करतोय हे त्याला बसवून समजावून सांगायला हवं, आणि अलार्म सारखा आपोआप वाजत असेल तर तो दुरुस्त करणं मालकाचं काम आहे, बंद करून ठेवणं नव्हे.

खोलीबाहेर पडताना मागे दार ओढून घ्यायचं, ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ. बंद दाराने आग आणि धूर दोन्ही बराच वेळ अडतात आणि तेवढ्यात बाकीचे बाहेर निघतात. आमच्या त्या मुलीने घाबरून दार सताड उघडं टाकलं म्हणून धूर जिन्यात गेला, तिची चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लिफ्टला हात लावायचा नाही. बाहेर पडताच येत नसेल तर दाराच्या खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबून खिडकीशी थांबायचं आणि फोन करायचा. वस्तू घ्यायला परत आत जायचं नाही, हे तर शंभरदा सांगायचं, कारण मुलं लॅपटॉपसाठी जातात, त्यात प्रोजेक्ट असतो ना. त्याची एक कॉपी दुसरीकडे कुठेतरी ऑनलाइन ठेवलेली असेल तर परत जायचा मोह तरी होणार नाही.

विजेचं मी आता भीतीनेच बोलते. एका बोर्डवर किती लोड झेपतो ते बोर्डच्या मागे वॅटमध्ये लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. लॅपटॉपचा चार्जर असतो ६५ वॅटच्या आसपासचा, मोबाइलचा त्याहून कमी, त्यामुळे तसले चार-पाच लावले तरी बिघडत नाही, पण इलेक्ट्रिक किटली १५०० ते २००० वॅट ओढते, हेअर ड्रायर हजारच्या वर, खोली गरम करायचा हीटर दोन हजारापर्यंत, यातलं एक जरी त्याच बोर्डवर चढवलं तरी वायर तापते. हीटर, किटली थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एका वेळी एकच. बोर्डला बोर्ड जोडायचा नाही, वायर गुंडाळीत ठेवायची नाही, पलंगाखाली, गादीखाली, सतरंजीखाली तर नाहीच. फोन उशीखाली चार्जिंगला लावून झोपायची सवय जवळपास प्रत्येकाला असते, ती मोडा. फुगलेली बॅटरी दिसली की तो फोन वापरायचा नाही, टोचून तर अजिबात बघायचा नाही. इलेक्ट्रिक स्कूटर, सायकल यांच्या बॅटऱ्या जिन्यात चार्जिंगला लावतात काही ठिकाणी, त्या पेटल्या की झपाट्याने पेटतात आणि विझता विझत नाहीत, आणि जिना हीच आपली बाहेर जायची वाट. मीटरपाशी शॉक लागू न देणारा एक स्विच असतो, थोडा करंट जरी भलतीकडे गेला तरी पटकन खाली पडणारा, ३० मिलिअँपिअर असं त्यावर लिहिलेलं असतं. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, दाबलं की लाइट गेली पाहिजे. जागा बघायला जाल तेव्हा मालकाला तेवढं दाबून दाखवायला सांगा, दहा सेकंदांचं काम आहे.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल आणि हवा जायला मोठी जागा नसेल तर ती खोली घेऊच नका, असं मी सरळ सांगते. नीट न जळलेल्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दमलोय. एकाच घरातल्या दोघांतिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं तर दुसरं काही समजू नका, सगळ्यांनी बाहेर पडा. याचा अलार्म वेगळा मिळतो, धुराच्या अलार्मला हा वायू कळेलच असं नाही. सिलिंडरचा गॅस मात्र वासाने कळतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, वास आला की दिव्याचं, पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर.

आता चोरीकडे येते, कारण ती होतेच आणि मी ती हलकी करत नाहीये. पण १४ वर्षांत मी ज्या चोऱ्या बघितल्या त्यातल्या बहुतेक कुलूप फोडून झालेल्या नव्हत्या, कुलूप लावलंच नव्हतं. आंघोळीला पाच मिनिटं जाते, शेजारच्या खोलीत दोन मिनिटं बसते, पॅसेजमध्ये फोनवर बोलते, तेवढ्यात. चोराला तेवढाच वेळ हवा असतो. दुसरं म्हणजे आपल्या मागोमाग आत शिरणारा माणूस. आपण कार्ड लावून दार उघडतो, मागे कुणीतरी हातात पार्सल घेऊन उभं असतं, सभ्यपणाने आपण दार धरून ठेवतो. लाखभर खर्चाची बायोमेट्रिक मशीन तिथेच संपते. मुलांना हे अवघड जातं, उद्धट वाटतं त्यांना, म्हणून आम्ही एक वाक्यच ठरवून दिलं होतं, 'कुणाकडे आलात? मी त्यांना खाली बोलावते.' भांडण नाही, अपमान नाही, आणि खरा पाहुणा असेल तर तो थांबतोच.

खोलीचं कुलूप कसलं आहे तेही बघा. दार नुसतं ओढल्यावर जे आपोआप बसतं तेवढ्यावर विसंबू नका, त्यातली पुष्कळशी फटीतून पातळ कार्ड सरकवून उघडतात, चावी फिरवून आत लोखंडी दांडा जातो ते खरं कुलूप. आधीच्या भाडेकरूंकडे डुप्लिकेट चाव्या असू शकतात, म्हणून मालकाला निदान कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो आतला भाग, बदलून द्यायला सांगा, आख्खं कुलूप बदलावं लागत नाही. चावीच्या किचेनला खोलीचा नंबर लावायचा नाही. फोनचा आयएमईआय नंबर, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की दिसतो, १५ आकडी असतो, तो आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर कागदावर लिहून घरी ठेवा, तक्रार द्यायला गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतात.

यापेक्षा जास्त अवघड विषय आहे तो चावी असलेल्या माणसांचा. मास्टर की कुणाकडे आहे? मालक, मालकाचा मुलगा, साफसफाईवाले, दुरुस्तीवाले, रेक्टर. विद्यार्थी खोलीत नसताना, किंवा असतानाही, न सांगता कोण आत येऊ शकतं? हा प्रश्न आईवडील विचारत नाहीत कारण ती माणसं 'आपली', बाहेरची नाहीत. पण मुलींनी माझ्याजवळ रडून सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा भिंतीवरून उडी मारून आलेल्या माणसाच्या नव्हत्या, चावीने दार उघडून किंवा दार वाजवून आलेल्या माणसाच्या होत्या. म्हणून आतून एक कडी असावी जी मास्टर कीने उघडत नाही, आत यायच्या आधी मेसेज करायचा नियम लेखी असावा, आणि कोण कधी आलं त्याची वही असावी. आता कुणी म्हणेल आतली कडी आणि आग, तुम्हीच तर वर लिहिलंत. बरोबर आहे, म्हणून कडी अशी हवी जी आतल्या माणसाला अंधारात एका हाताने काढता येईल, कुलूप नको.

कॅमेरे पॅसेजमध्ये, गेटवर ठीक आहेत. ते खोलीच्या दारातून आत बघणारे नकोत, आणि रेकॉर्डिंग कोण बघतं हे माहीत असायला हवं, मालक घरी बसून मोबाइलवर मुलींची ये-जा बघतो याला मी सिक्युरिटी म्हणणार नाही. नवीन खोलीत, बाथरूममध्ये विनाकारण लावलेलं घड्याळ, चार्जर, धुराचा अलार्म, नको तिथलं भोक असं काही दिसलं तर विचारायला लाजू नका, आणि खात्री पटली तर स्वतः काढायच्या आधी फोटो काढून पोलिसांना कळवा.

आणि गेट बंद व्हायची वेळ. याच्यावर माझं मत बदललं ते एका मुलीमुळे. तिची गाडी लेट झाली, ती आली तेव्हा गेट बंद झालेलं, आणि नियम असा की उशीर झाला की घरी पत्र जाणार. ती गेटपर्यंत आली, दिवा बघितला, आणि परत फिरली. बेल वाजवली नाही. रात्रभर बसस्टॉपवर बसून राहिली, पहाटे दूधवाल्याच्या मागून आत आली. मला हे कळलं चार महिन्यांनी, तिच्या मैत्रिणीकडून. म्हणजे तिला सुरक्षित ठेवायला केलेल्या नियमाने तिला आख्खी रात्र रस्त्यावर ठेवलं, आणि माझ्या रजिस्टरमध्ये त्या रात्री सगळं व्यवस्थित. तेव्हापासून आमच्याकडे ठरलं, गेट वेळेवर बंद करायचं पण कुणी कितीही वाजता आलं तरी आधी आत घ्यायचं, काय विचारायचं ते सकाळी. पालकांनी विरोध केला, पोरी शेफारतील म्हणाले. शेफारल्या नाहीत, उशीर होणार असेल तर उलट आधीच फोन करायला लागल्या, कारण फोन केला तर बोलणी बसणार नाहीत हे कळलं होतं. मुलांच्या वसतिगृहात असली वेळ बहुतेक नसतेच, आणि तिथे मुलगा दोन रात्री आला नाही तरी कुणाला पत्ता नसतो, तेही वाईटच.

त्यावरून एक राहिलंय. दोन दिवस दार उघडलं नाही, जेवायला आली नाही, मेसेज बघत नाही, अशा वेळी दार कोण वाजवणार हे आधीच ठरलेलं असायला हवं. आजारी पडून एकटी पडलेली असते, किंवा मनाने खचलेली असते. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर दोघीदोघींच्या जोड्या होत्या, एकीने दुसरीला दिवसातून एकदा तरी बघायचं, बाकी काही नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद, रक्तगट, कसली ॲलर्जी, चालू औषधं, घरचे दोन नंबर. मोबाइल लॉक असतो आणि त्या वेळी तो कुणालाच उघडता येत नाही.

खोली शोधतानाच्या फसवणुकीबद्दल तुमच्याच पेपरात येत असतं म्हणून थोडक्यात लिहिते. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय, निदान ओळखीच्या कुणी जाऊन आल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. 'अजून तिघं रांगेत आहेत, आजच भरा' म्हणाला की समजायचं. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं, फक्त खोली भाड्याने घेण्यासाठी, आणि तारीख टाकायची. राहायला गेल्या दिवशी कुलपं, काचा, वायरिंग सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचे. आणि नवीन खोलीचा आनंदाने फोटो टाकताना इमारतीची पाटी, खोलीचा नंबर, चावी, कॉलेजचं आयकार्ड दिसत नाही ना ते बघायचं, सुट्टीत घरी चाललो हे घरी जाऊन आल्यावर टाकलं तरी चालतं.

मला माहितीय, इतकं सगळं एका दिवसात कुणी तपासत नाही, खोली मिळतेय हेच खूप असतं, भाव करायची ताकद विद्यार्थ्याकडे नसते. म्हणूनच हे पत्र आईवडिलांपेक्षा तुम्हाला लिहितेय. तुमच्या पुरवणीत जागांचा तक्ता येतो, त्यात वायफाय आहे का, पार्किंग आहे का, कॅमेरे आहेत का असे रकाने असतात. त्यात कृपया आणखी दोन रकाने वाढवा. बाहेर पडायच्या वाटा किती, आणि त्या रात्री आतून चावीशिवाय उघडतात का. ज्या मालकाने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढचा रकाना कोराच छापा.

आपली,
एक निवृत्त रेक्टर